लहरींची साक्ष

आमच्या येलदरीस पूर्णा नदीवरील धरण १९६८ सालीं पुरें झालें. भाद्रपदांत जलाशय तुडुंब भरून दारें उघडलीं, म्हणजे नदीकांठच्या शेतांत पाणी शिरतें. आकाश मेघांनीं झांकलेलें, आणि पंचनामा होईतों पाणी ओसरलेलें. मग कोणाचें पीक किती दिवस पाण्यांत उभें होतें, हें सांगावें कोणीं? प्रश्न एकट्या तलाठ्याचा नव्हे. कित्येक घरांच्या वर्षभराच्या धान्याचा आहे.

माझा नातू याच शास्त्राचा अभ्यास करितो. त्यानें मजला समजाविलें तें वाचकांपुढें ठेवितों. उपग्रहावरील रडार आपल्याच लहरी भूमीवर सोडतें व परतणारा प्रतिध्वनि टिपतें. मेघ वा रात्र त्यास आड येत नाहींत. परंतु प्रतिध्वनीच्या नुसत्या जोरावरून वस्तु ओळखतां येत नाहीं. त्याच्या कंपनाची दिशाही पाहावी लागते. ती आडवी, उभी वा वर्तुळाकार असूं शकते; अशा नियत दिशेस ध्रुवण म्हणतात. (सदा थरथरणाऱ्या वस्तूस अचल ध्रुवाचें नांव मिळावें, हें मला मोठें गमतीचें वाटतें.) आपल्या जगदीशचंद्र बोसांनीं तर १८९८ सालीं पिळलेल्या तागांतून विद्युल्लहरी नेऊन त्यांच्या कंपनाचें प्रतल फिरविलें होतें.

शांत पाण्यावर तिरपी पडलेली लहर पलीकडे निघून जाते, म्हणून जलाशय काळा दिसतो. पानाफांद्यांच्या दाटींत ती इतकी ठेंचाळते कीं, आडव्या कंपनाचा कांहीं अंश उभा होऊन परततो. आणि पाण्यांत उभें असलेलें ज्वारीचें ताट? तेथें लहर पाण्यावरून ताटावर व ताटावरून माघारी, अशी दोनदां उलटते. वर्तुळाकार लहर एकदां उलटली तर तिच्या फिरण्याची दिशा पालटते, दोनदां उलटली तर पूर्ववत् होते. तेव्हां वरून हिरवें दिसणारें शेत खालीं बुडालें आहे, हें उमगूं शकतें.

२०१२ सालच्या आपल्या रिसॅट-१ उपग्रहांत अशी वर्तुळाकार लहर सोडण्याची सोय होती. ३० जुलै २०२५ रोजीं श्रीहरिकोट्याहून गेलेल्या निसारची एक लहर सुमारें २४ सेंटिमीटर लांब आहे. ती दाट पानांतून अधिक खोल उतरते.

तथापि ही साक्ष एकटी पुरत नाहीं. वाऱ्यानें पाणी खवळलें कीं तें काळें दिसत नाहीं, आणि दोनदां उलटण्याची खूण घरांच्या भिंतीही देतात. म्हणून पुरापूर्वीचें चित्र पुराच्या चित्राशेजारी ठेवावें लागतें. आमच्या शिवाराचीं अशीं दोन चित्रें नातू दिवाळीस घेऊन यावयाचा आहे.