सत्तेचाळीस नंबर

गोष्ट २००६ ची. आमच्या विंगमध्ये कॉम्प्युटरचा डॉक्टर म्हणजे मी. कुणाचं मशीन अडलं की पोरं माझ्या दारात हजर. मला किती येत होतं ते माझं मला माहीत, पण फी म्हणून चहा मिळायचा, त्यामुळे डॉक्टरकी सोडवत नव्हती.

हॉस्टेलच्या लॅनवर तेव्हा प्रत्येकाला आयपी नंबर चिठ्ठीवर लिहून मिळायचा आणि तो मशीनमध्ये हातानं टाकायचा. पीएलच्या आधी मी मशीन फॉरमॅट केलं. चिठ्ठी काही सापडेना. मग दिला एक आकडा ठोकून : १९२.१६८.१.४७. लॅन चालू! विषय संपला.

तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचा एक ज्युनिअर आला. "दादा, माझं लॅन बंद पडलंय. ड्रॉइंगच्या फाइली पार्टनरच्या मशीनवर आहेत, सोमवारी सबमिशन." मी जागेवरूनच निदान केलं, "कार्ड गेलं असणार. बदलून टाक." बिचारा सीपीयू चादरीत गुंडाळून एसटीनं शहरात गेला आणि साडेतीनशे रुपयांचं नवं कार्ड बसवून आला. घरून मेससाठी आलेले पैसे होते ते. लॅन तरीही बंदच!

आता मात्र मी त्याच्या खोलीत गेलो. काळ्या खिडकीत 'आयपीकॉन्फिग' टाइप केलं. पत्त्याच्या जागी नुसती शून्यं. त्याची चिठ्ठी मागितली. त्यावर १९२.१६८.१.४७. आकडा ओळखीचा वाटला, पण ट्यूब पेटली नाही. त्याची वायर काढली आणि शेजारच्या मशीनवरून त्याच नंबरला 'पिंग' केलं. धडाधड उत्तरं आली! वायर काढलेली, मग उत्तर देतंय कोण? 'एनबीटीस्टॅट' ही कमांड त्या नंबरच्या मशीनचं नाव सांगते. ती मारली. नाव आलं 'वाघ'.

हे नाव अख्ख्या हॉस्टेलात एकाच मशीनचं होतं. माझ्या!

१९२.१६८ ने सुरू होणारे नंबर १९९४ सालापासून खासगी नेटवर्कसाठी राखून ठेवलेले आहेत. सत्तेचाळीस नंबरची खोली प्रत्येक हॉस्टेलात असू शकते, तसंच हे. पण एकाच हॉस्टेलात दोन सत्तेचाळीस कसे चालतील? माझं मशीन दिवसरात्र चालू, त्यामुळे मागून येणाऱ्या त्याच्या मशीनला दार बंद. माझ्या स्क्रीनच्या कोपऱ्यात तसा पिवळा फुगा यायचाही. मी न वाचताच फोडायचो.

"दादा, हे आधी कळलं असतं?"

"दोन मिनिटांत," मी म्हणालो. तो पुढं काही बोलला नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पैसे मी दोन हप्त्यांत फेडले.

आता बहुतेक ठिकाणी राउटर स्वतःच नंबर वाटतो. तरी विंडोजवर 'आयपीकॉन्फिग' आणि लिनक्सवर 'आयपी अ‍ॅडर' आजही चालतं. नंबर १६९.२५४ ने सुरू झाला तर समजा, मशीनला पत्ता मिळालेलाच नाही.

हल्ली मी लॅबमध्ये शिकवतो. "सर, नेट बंद आहे" म्हणत कुणी आलं की आधी त्याच्या मशीनपाशी जातो आणि विचारतो, "तुझा आयपी किती?" मग गुपचूप माझाही बघून घेतो.