समुद्राच्या घरीं पाहुणा

प्रवासाचे दोन प्रकार आहेत: एक पायांनीं करावयाचा आणि दुसरा नकाशावर बोट ठेवून करावयाचा. पहिल्यांत धूळ, घाम, गर्दी आणि खिशाला लागणारी कात्री हीं सारीं येतात. दुसऱ्याला दिवा, टेबल आणि रात्रीची शांतता एवढेंच पुरतें. पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकाला दुसराच प्रकार शोभतो, असें माझ्या मित्रांचें मत आहे. परंतु गेले सहा महिने माझें बोट नकाशावर ज्या ठिकाणीं अडून बसलें आहे, तेथें जावयाला दुसरीच बोट लागते!

त्या ठिकाणाचें नांव तुब्बताहा. फिलिपाईन्समधील पलावान बेटावरील पुएर्तो प्रिन्सेसा शहराच्या आग्नेयेस सुमारें 150 किलोमीटरवर, सुलू समुद्राच्या मध्यभागीं पोवळ्यांचीं दोन प्रचंड कडीं पसरलेलीं आहेत. भरती ओसरली म्हणजे उघडी पडणारी लांबच लांब खडकांची रांग, असा या समाल भाषेंतील नांवाचा अर्थ. 1988 सालीं या जागेला राष्ट्रीय सागरी उद्यानाचा दर्जा मिळाला व 1993 सालीं युनेस्कोनें तिला जागतिक वारशांत स्थान दिलें. आज उद्यानाचें क्षेत्र 97,030 हेक्टर आहे, म्हणजे मुंबई शहर व उपनगरें मिळून होणाऱ्या क्षेत्राहूनहि अधिक. पण एवढ्या विस्तारांत जमीन म्हणावी तर पक्ष्यांचीं दोन इवलींशीं बेटें आणि एक वाळूचा पट्टा! त्या बेटांवर माणसानें पाऊलहि टाकावयाचें नाहीं. तीं पक्ष्यांचीं आहेत.

साहजिकच तेथें धर्मशाळा नाहीं, खानावळ नाहीं, गोड्या पाण्याची विहीर नाहीं. पुएर्तो प्रिन्सेसाहून संध्याकाळीं जहाजांत बसावें, दहाबारा तास चालावें आणि उजाडतां उजाडतां तेथें पोहोंचावें. पुढें परत फिरेपर्यंत जहाज हेंच घर. शिवाय समुद्र पाहुण्यांना घरांत घेतो तो केवळ मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत. उरलेले महिने वारा व लाटा यांचे असतात. मेची सुटी या मुदतींत नेमकी बसते, हें पाहून मला विद्यापीठाच्या वेळापत्रकाविषयीं प्रथमच आदर वाटला.

मात्र ही तयारी म्हणजे तिकिटें व सामान यांची यादी नव्हे. पाठीवर हवेची टांकी बांधून पाण्याखालीं श्वास घेण्याची जी युक्ति कुस्तो व गान्यां या दोघांनीं 1943 सालीं फ्रान्समध्यें सिद्ध केली, तिनें माणसाला माशाची मोकळीक दिली. पण माशाचें शरीर कांहीं दिलें नाहीं. तारकर्लीच्या किनाऱ्यावर मी हें शास्त्र शिकलों. लहानपणापासून कुंभकाचे गोडवे ऐकलेल्या माणसाला पहिलाच धडा असा मिळाला कीं, येथें कुंभक सर्वस्वीं निषिद्ध! कारण उघड आहे. दहा मीटर खोलीवर हवेचा दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो. तेथें भरून घेतलेला श्वास कोंडून कोणी वर आला, तर ती हवा दुप्पट फुगावयास पाहील आणि फुप्फुस फाटेल. दाबामुळें नायट्रोजनहि रक्तांत मुरतो. तो हळूहळू बाहेर पडावा म्हणून वर येतांना घाई करावयाची नाहीं, आणि पृष्ठभागाखालीं पांच मीटरवर तीन मिनिटें थांबावयाचें. इतकेंच नव्हे, तर शेवटच्या बुडीनंतर निदान अठरा तास विमानांत पाय ठेवावयाचा नाहीं. म्हणून माझ्या कार्यक्रमांत परतीच्या विमानापूर्वीं एक रिकामा दिवस ठेवलेला आहे. उभ्या आयुष्यांत एवढ्या शास्त्रशुद्ध कारणासाठीं मीं आळस केल्याचें आठवत नाहीं.

आमच्या डॉक्टरांनीं छाती, कान व रक्तदाब तपासून दाखला दिला. पण त्यांचा चेहरा मात्र काठावरच्या विद्यार्थ्याला वर ढकलणाऱ्या परीक्षकासारखा होता. खरी परीक्षा घरांत आहे. पाण्याखालीं एकट्यानें उतरावयाचें नसतें. प्रत्येकाला एक जोडीदार असतो, आणि माझी जोडीदार म्हणजे माझी धाकटी कन्या. जिला मीं विहिरींत कमरेला दोरी बांधून पोहावयास शिकविलें, ती आतां माझे पट्टे ओढून पाहते, हवेचा कांटा दोनदां वाचते आणि म्हणते, "बाबा, माझ्याकडे बघत राहा. एकटे पुढें जाऊं नका." प्रत्येक पाणबुड्याजवळ श्वासाची एक जादा नळी असते. माझी हवा संपली, तर मला तिच्या टांकींतली हवा घेऊन वर यावें लागेल. तुब्बताह्याचे कडे सरळ काळोखांत उतरतात, प्रवाह जोराचे असतात आणि किनारा एका रात्रीच्या अंतरावर असतो. तेव्हां ही गोष्ट केवळ कल्पनेंतली नव्हे.

हें सारें घरांत तिसऱ्या माणसाला ठाऊक आहे. "एकाच्या जिवाची काळजी करावी तर करीन," सौभाग्यवती एके रात्रीं म्हणाली, "पण दोघेंहि एकाच वेळीं पाण्याखालीं, आणि मी इकडे घड्याळाकडे बघत?" या प्रश्नाला माझ्या कोणत्याहि पुस्तकांत उत्तर नव्हतें. शेवटीं तिनें एक अट घातली: मीं पोवळ्याची आंगठी घालावी. पोवळ्याच्या राज्यांत जातांना पोवळेंच घालून जावयाचें! आंगठींतलें तांबडें पोवळें मुख्यतः भूमध्य समुद्रांतलें असतें आणि तुब्बताह्याचे खडक बांधणाऱ्या प्राण्यांहून त्याचें कुळ वेगळें आहे, हें मीं तिला सांगितलें नाहीं. आंगठी घालीन म्हणालों.

पण तिचा दुसरा प्रश्न इतका सहज मिटला नाहीं. "माणसें जात नाहींत म्हणून जी जागा चांगली राहिली, तेथें तुम्हीं जावें कशाला?" इतिहास तिच्या बाजूनें साक्ष देतो. पूर्वीं दूरदूरचे कोळी तेथें सुरुंग लावून मासे मारीत. आतां मासेमारी पूर्णपणें बंद आहे. तरी 2013 च्या जानेवारींत 'गार्डियन' हें अमेरिकेचें युद्धजहाज खडकावर चढलें. तें अखेर जागेवरच कापून न्यावें लागलें, आणि सुमारें 2,345 चौरस मीटर पोवळें चिरडलें गेलें. नुकसानभरपाई पुढें मिळाली. परंतु पैशानें पोवळें वाढत नाहीं, तें आपल्याच सावकाशीनें वाढतें.

तरीहि दुसरी एक बाजू आहे. त्या वाळूच्या पट्ट्यावरील चौकींत मूठभर रक्षक दोन दोन महिने पहारा करतात. वादळांत, उन्हांत, घरापासून दूर राहून ते एका निर्मनुष्य समुद्राला जपतात. या पहाऱ्याच्या खर्चाचा मोठा वांटा पाहुण्यांकडून घेतलेल्या प्रवेशकरांतून येतो. म्हणजे आम्हीं जावें तें आमच्यासाठीं, पण आमचा कर राहावा तो माशांसाठीं. हा युक्तिवाद मला पटतो. तथापि तो माझ्या सोयीचा आहे, हेंहि मला दिसतें. म्हणून हात आंखडून तरंगण्याचा सराव मीं वाढविला आहे. पोवळ्याला शिवावयाचें नाहीं, माशांना खाऊं घालावयाचें नाहीं, मेलेला शिंपलाहि उचलावयाचा नाहीं, असे तेथील नियम आहेत. आम्ही काशीहून गंगाजळ आणतों, महाबळेश्वराहून मध आणतों. कांहींहि न आणण्यासाठीं केलेला प्रवास आमच्या घरांत हा पहिलाच.

परवां हेंच बोलणें निघालें. "अहो, एवढा पैसा खर्चून तेथून आणणार तरी काय?" तिनें विचारलें.

"कांहीं नाहीं. आणावयाची बंदीच आहे."

ती बराच वेळ भाजी निवडीत राहिली. मग मान वर न करतां म्हणाली, "तर मग तुम्ही तिला परत आणा, आणि ती तुम्हांला परत आणील. एवढें झालें म्हणजे पुरे."

माझ्या यादींत तें आतां पहिल्या क्रमांकावर लिहिलेलें आहे. जहाजावरच्या दोन जागांचे पैसे पुढच्या आठवड्यांत भरावयाचे आहेत.