'निष्पत्ती' या संज्ञेविषयी

विद्यापीठीय अभ्यासक्रमांच्या प्रारंभी 'अध्ययन निष्पत्ती' हे सदर आता अनिवार्य झाले आहे. 'हा अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर विद्यार्थी अमुक करू शकेल' अशा वाक्यांची ती यादी असते. विभागात अशा याद्या सिद्ध करताना या संज्ञेपाशी मी प्रत्येक वेळी थबकलो आहे. साहित्यशास्त्र शिकवणाऱ्यास 'निष्पत्ती' हा शब्द भरताच्या रससूत्रातून परिचित असतो आणि तेथे तो निर्विवाद नाही. भट्ट लोल्लटाने त्याचा अर्थ उत्पत्ती असा केला, श्रीशंकुकाने अनुमिती, भट्टनायकाने भुक्ती, तर अभिनवगुप्ताने अभिव्यक्ती. प्रशासकीय मराठीत मात्र तो वादाविनाच रूढ झाला. उच्च शिक्षणातील वेबआधारित साधनांचे मोल आज याच शब्दाच्या आधारे ठरवले जात असल्याने तो वाद पुन्हा उपस्थित करणे मला अगत्याचे वाटते.

बेंजामिन ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये शैक्षणिक उद्दिष्टांचे वर्गीकरण मांडले. २००१ च्या सुधारित मांडणीत त्यातील नामांच्या जागी क्रियापदे आली. निष्पत्ती निरीक्षणक्षम क्रियेच्या रूपातच सांगावी, हा आग्रह पुढे दृढ झाला. वेबआधारित साधनांना तो विशेष मानवतो. कारण कोणी किती ध्वनिचित्रफिती पूर्ण पाहिल्या, किती प्रश्न सोडवले याची नोंद ती आपोआप ठेवतात. 'स्वयम्' हे व्यासपीठ २०१७ पासून कार्यरत आहे आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनी एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंतचे अभ्यासक्रम त्यावरून पूर्ण करण्यास मुभा दिली. प्रश्न गौण राहिलेला नाही. साधन पुरवले की निष्पत्ती होते, हे या व्यवस्थेचे गृहीतक लोल्लटाच्या उत्पत्तिवादाशी जुळणारे आहे. वस्तुतः पडद्यावरील नोंदींतून हाती येते ते फार तर अनुमानाचे लिंग.

हे एका उदाहरणाने स्पष्ट करतो. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर खुली आहे. दाते प्रभृतींचा 'महाराष्ट्र शब्दकोश' आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोशही तेथे आहेत. तालुक्याच्या गावाहून येणाऱ्या, महाविद्यालयाच्या ग्रंथालयात यांपैकी एकही कोश नसलेल्या विद्यार्थ्यास ते घरबसल्या उपलब्ध व्हावेत, हा लाभ मी थोर मानतो. शब्दांच्या इतिहासावरील स्वाध्यायात एम. ए.च्या वर्गाला मी 'नाव' हा शब्द दिला होता. शोधचौकटीत तो टंकल्यावर बहुतेकांना होडी मिळाली. होडीचा अर्थ सुवाच्य अक्षरात उतरवून त्यांनी स्वाध्याय सादर केला. 'विद्यार्थी संदर्भकोशाचा वापर करू शकेल' ही निष्पत्ती यादीच्या दृष्टीने साध्य झाली होती.

एका विद्यार्थिनीने मात्र विचारले, "सर, मोल्सवर्थच्या काळी माणसांना नाव नव्हतं का?" तिला आठवण झाली ती घरातल्या जुन्या सातबाऱ्याच्या उताऱ्यावरील 'नांव' या लेखनाची. त्या रूपाने शोध घेताच हवी ती नोंद सापडली. तेथून ती अनुच्चारित अनुस्वारांकडे, ते वगळणाऱ्या मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांकडे आणि शेवटी संस्कृत 'नाम'मधील मकाराचा अवशेष त्या अनुस्वारात कसा उरला होता, या मुद्द्याकडे गेली. या प्रवासासाठी आमच्या यादीत रकाना नव्हता.

येथे अभिनवगुप्ताचे स्मरण होते. त्याच्या मते रस नव्याने उत्पन्न होत नाही. वासनारूपाने असलेले स्थायी भाव विभावादींच्या योगाने अभिव्यक्त होतात. या न्यायाने कोशाचे संकेतस्थळ हे ज्ञानाचे कारण नव्हे, विभाव होय. यावर रास्त आक्षेप असा, की निष्पत्ती पूर्वसंस्कारांवर अवलंबून ठेवली तर ज्याच्या घरी ग्रंथ नाहीत त्याने काय करावे? 'सहृदय' या संकल्पनेत अधिकारभेद दडलेला आहे, हे नाकारता येणार नाही. परंतु या विद्यार्थिनीच्या घरीही ग्रंथ नव्हते, सातबारा होता. भाषेचा संस्कार प्रत्येक घरात कोणत्या ना कोणत्या रूपाने असतो: उताऱ्यावर, ओवीत, शिवीत, शेतीच्या अवजारांच्या नावांत. त्याला स्पर्श करील असा प्रश्न निवडणे हे अध्यापकाचे काम आहे. समोरच्या मुलीच्या घरी कोणता कागद जपून ठेवला आहे, हे शोधचौकटीला ठाऊक नसते.

म्हणून साधनाचा धिक्कार मला अभिप्रेत नाही. मोल्सवर्थने अर्थ इंग्रजीत दिले असल्याने, पाऊस वा नांगर यांच्याशी निगडित शब्द इंग्रजी अर्थाच्या वाटेने एकत्र करणे संकेतस्थळावर शक्य आहे. वर्णानुक्रमाने रचलेल्या छापील कोशात ते दुष्कर होते. निष्पत्तीच्या यादीलाही माझा विरोध नाही. तिच्यातील प्रत्येक विधान हे अनुमान आहे, एवढे मान्य व्हावे. माझ्या स्वाध्यायात आता 'मिळालेल्या नोंदीविषयी तुम्हांला पडलेला प्रश्न लिहा' असा भाग असतो आणि निम्मे गुण त्यास असतात. काहींचे प्रश्न उसने असतात, काहींचे अजून कोरेच राहतात. त्या कोऱ्या जागेवर वर्गात बोलता येते. होडीचा अर्थ निर्दोष उतरवलेल्या स्वाध्यायावर बोलण्यासारखे काही उरत नसे.