आगाऊ दिलेले दीड हजार

पाडव्याच्या पहाटे सहा वाजता आमच्या गल्लीतल्या देवळाच्या सभागृहात गाणे असते. फार मोठा बारदाना नाही. गायिका धारवाडची, पेटी गावातलीच आणि तबल्याला चंदगडकडचे मास्तर. आधी अभंग, मग एखादे वचन नाहीतर दासरपद, शेवटी भैरवी. त्यानंतर कडुलिंब-गूळ आणि चहा. निम्म्या मंडळींसाठी तो पाडवा असतो, निम्म्यांसाठी उगादी. आमच्या घरात दोन्ही असते, कारण माझे माहेर मराठी आणि सासर धारवाडचे. मंडळाची खजिनदार मी. कॉलेजात शिकवते, एम. ए. आहे, म्हणून हिला हिशेब जमेल असे कुणीतरी ठरवून टाकले. विषय मराठी आहे याकडे कुणी लक्ष दिले नाही!

२०२० सालचा पाडवा २५ मार्चला होता. देशभरातल्या लॉकडाऊनचा तो पहिला दिवस. पण आमचा कार्यक्रम त्याआधीच रद्द झाला होता. मार्चच्या मध्याला कर्नाटकात लग्ने-समारंभांवर निर्बंध आले, तेव्हाच आम्ही सगळ्यांना फोन करून टाकले. फेब्रुवारीत मास्तरांना दीड हजार आगाऊ दिले होते. मे महिन्यात समितीची फोनवर बैठक झाली, त्यात हा विषय निघाला. कार्यक्रम झाला नाही, मग पैसे तिकडे कशाला? वर्गणीदारांना उत्तर द्यावे लागते. बोलणारी माणसे वाईट नव्हती. मीही विरोध केला नाही. उलट फोन मीच लावला.

‘‘पाठवतो बाई,’’ एवढेच ते म्हणाले. चार दिवसांनी पाचशे आले, पुढच्या आठवड्यात हजार. मी वहीत ‘जमा’ लिहून रकमेखाली रेघ ओढली.

तेव्हा ते किती अडचणीत होते हे मला कळायला हवे होते. आमच्याकडच्या वादकाचे पोट एका कार्यक्रमावर कधीच नसते. चार शिकवण्या, दोन भजनी मंडळे, गणपतीचे दहा दिवस, लग्नातली सुगम संगीताची बैठक, आषाढी-कार्तिकीची भजने. या सगळ्याची मोळी बांधली की वर्ष निघते. २०२० साली त्या मोळीतली एकूण एक काटकी गळाली. पालख्या बसमधून पंढरपूरला गेल्या, गणपती घराघरात बसले, लग्नाला पन्नास माणसे. त्यातून मास्तर राहतात शिनोळीच्या पलीकडे. चंदगडच्या माणसाला बाजार, दवाखाना, कॉलेज सगळे बेळगावच. त्याला आपण दुसऱ्या राज्यात राहतो हे एरवी निवडणुकीलाच आठवते. त्या वर्षी मात्र बाची आणि शिनोळीच्या मधली रेघ खरोखरीची झाली. एसटी बंद. पुढे २०२१च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातून येणाऱ्याला आरटी-पीसीआरचा निगेटिव्ह दाखला सक्तीचा झाला. शंभर रुपयांच्या शिकवणीसाठी त्याहून महागडी चाचणी कोण करणार?

शिकवण्या मोबाईलवर घेऊन बघितल्या त्यांनी. तुमच्यापैकी कुणाच्या मुलांनी असे शिक्षण घेतले असेल तर तुम्हाला माहीत आहे. इकडचा ठेका तिकडे पोचेपर्यंत सम निघून गेलेली असते. गुरू-शिष्य एकत्र वाजवूच शकत नाहीत. एकाने वाजवायचे, दुसऱ्याने थांबायचे. धारवाडच्या अक्कांची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांच्या तंबोऱ्याचा नाद ‘झूम’ला गोंगाट वाटायचा आणि ते यंत्र तो आपणहून पुसून टाकायचे. पंखा, मिक्सर आणि तंबोरा सगळे त्याला सारखेच. मग कुणा विद्यार्थ्याने ती सोय बंद करायला शिकवले.

आणि गाण्याचीच भीती होती, हेही आता विसरायला झाले आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात १० मार्च २०२० रोजी एका समूहगान मंडळाची तालीम झाली. ६१ जण हजर होते, त्यातले ५३ आजारी पडले आणि दोघे गेले. ती बातमी मी वाचली तेव्हा आमचे सभागृह डोळ्यांसमोर आले. खिडक्या दोन, दार एक, सतरंजीला सतरंजी लागलेली. सूर लावायचा म्हणजे छाती भरून श्वास सोडायचा, आणि तोच श्वास घातकी ठरला होता. २०२१च्या एप्रिलमध्ये पंडित राजन मिश्र गेले, मे महिन्याच्या पहिल्या तारखेला सतारिये देबू चौधुरी गेले. त्याच सुमाराला आमच्या अक्काही दवाखान्यात होत्या. बारा दिवसांनी घरी आल्या. फोनवर मी विचारले, ‘‘हेंग इद्दीरि अक्का?’’ तर म्हणाल्या, ‘‘उसिर सालंगिल्ल नोड्रि.’’ गाणाऱ्या बाईने श्वास पुरत नाही म्हणावे, यावर काय बोलणार? मी त्यांना कुमारजींची आठवण करून दिली. आपल्या सुळेभावीत जन्मलेला हा माणूस क्षयाने काही वर्षे देवासला अंथरुणाला खिळून होता, आणि पन्नासच्या दशकात पुन्हा गायला उभा राहिला तो नवे गाणे घेऊन. अक्का हसल्या. म्हणाल्या, ते कुमार गंधर्व होते, मी कन्नड शाळेतली निवृत्त मास्तरीण आहे.

असे दोन पाडवे गेले. २०२२च्या जानेवारीत पुन्हा रात्रीची आणि शनिवार-रविवारची संचारबंदी आली, तेव्हा तिसराही जाणार असे वाटले. पण फेब्रुवारीत निर्बंध सुटत गेले आणि समितीने ठरवले, २ एप्रिलचा पाडवा करायचा. मी मास्तरांना फोन केला.

लगेच होकार येईल अशी माझी समजूत होती. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘बाई, मी आता काजूच्या कारखान्यात जातो. हात बसलेत. दुसरा कुणी बघा.’’ त्यांच्या मागे यंत्राचा आवाज येत होता. मी म्हटले, दुसरा कुणी बघायचा नाही. तर म्हणाले, ‘‘आणि परत बंद झालं तर?’’ त्या प्रश्नातला दीड हजाराचा भाग फक्त मलाच ऐकू आला असेल, किंवा तो त्यात नव्हताही. दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला, येतो म्हणून.

पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी ते एसटीने उतरले. हातात एकच पिशवी. पूर्वी तीन तबले असायचे, वेगवेगळ्या पट्ट्यांचे. दोन विकले होते. कधी विकले ते मी विचारले नाही. त्यांनीच सांगितले, पहिला २०२०च्या मे महिन्यात गेला. मी स्वयंपाकघरात चहा ठेवायला गेले ती जरा जास्तच वेळ तिथे राहिले.

उरलेल्या तबल्यावर दोन पावसाळे जाऊन पुडीला बुरशी धरली होती. ती त्यांनी पुसून काढली होती, पण शाईला बारीक तडा होताच. बोटे बघितली तर टोके काळी पडून सोललेली. काजूच्या टरफलात तेल असते, ते कातडी भाजते. राख लावतात, खोबरेल लावतात, तरी हात व्हायचे ते होतातच. तबलजीचे सगळे काम जिथून चालते तीच जागा.

रात्री अक्का आल्या आणि खरी अडचण तेव्हा उभी राहिली. त्या पूर्वी काळी पाचमध्ये गायच्या. आता तेवढा वर श्वास टिकत नव्हता, काळी चार हवी होती. मास्तरांजवळचा एकुलता एक तबला काळी पाचचा. पेटीवाल्याचे काय, सूर बदलला की झाले. तबला मात्र दोन पट्ट्या खाली आणायचा तर पुडी सैल पडते, नाद मरतो. गल्लीतल्या भजनी मंडळाकडे विचारून बघितले, त्यांचा तबला याहून वरचा. मास्तर हातोडी घेऊन बसले. गट्टे वर सरकवले, कडेने हलके ठोके देत उतरवत आणला. एक पट्टी उतरला. त्याखाली गेला की ‘ना’ला ठणकाच राहीना. पुन्हा चढवला, पुन्हा उतरवला, घामाघूम झाले. अक्का भिंतीला टेकून बघत होत्या. त्यांना सगळे समजत होते. शेवटी म्हणाल्या, ‘‘इरलि मास्तर, पांढरी सहा करू. मी एक वर येते, तुम्ही एक खाली आलाय.’’

दोघांनाही न सोसणारी पट्टी! तंबोरा त्याच सुरात लावला आणि आम्ही झोपायला गेलो.

पहाटे मी चाळीस खुर्च्या मांडल्या, अंतर ठेवून. सतरंजी घालायचे धाडस नव्हते. पूर्वी दीडशे माणसे दाटीने बसायची. सहा वाजता सातजण होते. सव्वासहाला अठ्ठावीस झाले आणि तिथेच थांबले. एका तरुण कार्यकर्त्याने काठीवर मोबाईल लावून फेसबुकवर थेट दाखवायला सुरुवात केली होती. तो मधेच येऊन उत्साहाने म्हणाला, तीनशेजण बघतायत! मास्तर म्हणाले, ‘‘ते तीनशे चहाला येणार काय?’’ हसे झाले, पण त्या प्रश्नात थट्टेपेक्षा जास्त काही होते. दोन वर्षे लोकांनी घरी बसून, फुकट, इस्त्री करता करता गाणे ऐकले. त्यांना पुन्हा पहाटे उठून, अंघोळ करून, वर्गणी देऊन यावेसे का वाटावे? याचे उत्तर माझ्याजवळ तेव्हा नव्हते.

अक्का पहिल्या अभंगात जपून गायल्या. अंतऱ्यात वरचा षड्ज आला की त्याला नुसते शिवून खाली यायच्या. समोर सगळ्यांच्या तोंडाला मास्क. गाणाऱ्याला समोरच्याचे ओठ हलताना दिसावे लागतात, अर्धवट निघालेला ‘वा’ दिसावा लागतो, हे त्या दिवशी कळले. अठ्ठावीस जोडी डोळे नुसते बघत होते. मास्तरांचे ठेके स्वच्छ, पण ‘तिरकिट’ आले की चेहरा आवळायचा.

दुसरे वचन सुरू झाले तेव्हा आमच्या अव्वांनी, म्हणजे सासूबाईंनी, मास्क काढून पिशवीत टाकला. ऐंशीच्या पुढच्या, हुबळीत गंगूबाईंना समोर बसून ऐकलेल्या. मी डोळे मोठे केले, त्यांनी बघितलेच नाही. एका जागेवर त्या मोठ्याने म्हणाल्या, ‘‘आहाहा!’’ अक्कांनी मान वळवून त्यांच्याकडे बघितले आणि तीच जागा पुन्हा घेतली, थोडी वेगळी करून. मास्तर त्यांच्यामागे धावले आणि समेवर दोघे एकदम आले. मग इकडून तिकडून आवाज सुटले. कुणी मांडीवर ताल धरला. वैद्यकीयदृष्ट्या हे बरोबर नव्हते हे मी लिहून ठेवते. पण त्यानंतरच्या भैरवीत अक्का वरच्या षड्जावर उभ्या राहिल्या. फार वेळ नाही. पूर्वी त्या तिथे घर बांधायच्या, त्या दिवशी उंबऱ्यावर थांबून परत आल्या.

निघताना मी मास्तरांना बिदागीचे पाकीट दिले. त्यात दीड हजार जास्तीचे होते, माझे. त्यांनी तिथेच मोजले, वेगळे काढले आणि म्हणाले, ‘‘हे कसले?’’ मी सांगितले, २०२०चे. ते म्हणाले, ते मी वाजवलेलंच नाही. बराच वेळ आम्ही देवळाच्या पायरीवर असे घ्या-नको करत उभे होतो. शेवटी त्यांनी तोड काढली. हे पुढच्या पाडव्याचे आगाऊ म्हणून घेतो, आणि झाले नाही तर परत मागायचे नाही.

त्या वर्षी डिसेंबरात पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव दोन वर्षांच्या खंडानंतर झाला. मोठ्या मंडपांची मला काळजी नव्हतीच. त्यांना नाव आहे, प्रायोजक आहेत, लोक गाडी करून जातात. काळजी आमच्यासारख्या सभागृहांची होती आणि अजून आहे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आनंदच आहे. पण तंबोरा घेऊन माणसाने बसायचे कुठे? शहापुरातल्या एका बैठकीचे सूत्रधार त्या दोन वर्षांत गेले, ती बैठक पुन्हा भरलीच नाही. आमच्याकडे आता साठ-सत्तर जण येतात. दीडशे पुन्हा झालेले नाहीत. मोबाईलवरचे थेट प्रक्षेपण आम्ही बंद केले, त्यावरून समितीत भांडण झाले आणि परगावी मुलाकडे राहणारी दोन म्हातारी माणसे दुखावली गेली. त्यांचे चुकले असे मला म्हणवत नाही.

मास्तर कारखान्यात जातातच. शिकवण्या निम्म्या परत आल्या, निम्मी मुले की-बोर्डकडे गेली. काळी चारचा तबला त्यांनी मिरजेहून पुन्हा आणला, हप्त्याने. अक्कांनी आता ती पट्टी कायमची धरली आहे.

दरवर्षी फेब्रुवारी लागला की त्यांचा फोन येतो. ‘‘बाई, आगाऊ पाठवा.’’ मी फोन चालू असतानाच पाठवते. मग ते थोडा वेळ थांबतात, पैसे आल्याचा आवाज ऐकतात आणि विचारतात, ‘‘अव्वा येणार न्हवं?’’