हात लावू नये

दिवाळी जवळ आली की आमच्या अंगणात माती, विटा आणि फाटक्या गोणपाटांचे राज्य सुरू होते. यंदा नातवाने लोहगड बांधायला घेतला. विंचूकाट्याला माती कमी पडली, तेव्हा सौ.च्या तुळशीच्या कुंडीवरही स्वारी झाली. गड उभा राहताच त्याने पुठ्ठ्याची पाटी रोवली : ‘जागतिक वारसा. हात लावू नये.’

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने महाराष्ट्रातले अकरा किल्ले आणि तामिळनाडूतला जिंजी जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांत लोहगड आहे, हे त्याला शाळेत कळले होते.

“आजोबा, हात लावला तर काय होतं?”

मला असे प्रश्न फार आवडतात. चष्मा पुसून मी तिंबक्तूची गोष्ट सुरू केली. तिंबक्तू हे आफ्रिकेतल्या माली देशातले गाव. मशिदी मातीच्या, संतांच्या समाध्याही मातीच्या. २०१२ मध्ये गाव बळकावलेल्या सशस्त्र टोळ्यांनी त्या समाध्यांवर कुदळी चालवल्या. त्याबद्दल हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २०१६ मध्ये अहमद अल महदी याला नऊ वर्षांची कैद सुनावली. त्याने गुन्हा कबूल करून क्षमाही मागितली. समाध्या मात्र त्याआधीच, २०१५ पर्यंत, गावच्या गवंड्यांनी पुन्हा बांधल्या होत्या.

“आणि आपल्याकडे?”

“आपल्याकडेही १९५८ चा कायदा आहे. संरक्षित वास्तू विद्रूप केली तर दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.”

“तुम्ही लोहगडावर गेला होतात ना? तेव्हा पाटी होती?”

माझी गोष्ट तेथेच अडखळली. जागतिक वारशाचा करार १९७२ साली पॅरिसला झाला आणि त्यानंतर दोनच वर्षांनी मी लोहगडाच्या तटावर लोखंडी खिळ्याने माझे नाव कोरले. अर्धी दुपार खपून! पुढे साहित्यात नाव झाले नाही. दगडात तेवढे झाले. मध्यंतरी ते घासून काढावे म्हणून मुद्दाम गड चढलो. पण घासायचे म्हणजे आणखी दगड झिजवायचा. तसाच परत आलो.

हे सारे मी नातवाला सांगून टाकले.

“मग तुम्हाला कोणी पकडलं नाही?”

“नाही रे.”

हेगचे न्यायालय प्रत्येक पोराच्या पाठीशी कसे उभे राहणार? कायदा बोलतो तो बहुधा मोडतोड झाल्यावर. तिंबक्तूच्या मातीच्या मशिदींना नुसता कायदा पुरत नाही. पावसाने भिंती झिजतात आणि गावकरी जमून त्यांना आपल्या हातांनी पुन्हा माती लिंपतात. माझ्या हाताला हे काम कोणी सांगितले नव्हते. मीही कधी विचारले नव्हते.

नातू बराच वेळ काही बोलला नाही. संध्याकाळी पणत्या मांडताना विंचूकाट्याची एक कड ढासळली. त्याने ओल्या मातीचा गोळा माझ्यापुढे धरला.

“आजोबा, जरा हात लावा.”