आजॉशी म्हणजे काका

प्रिय मनू,

गेल्या दिवाळीत तू अमेरिकेहून आणलेली डिस्क अखेर बघितली. उशीर माझा नव्हे, प्लेअरचा. ब्ल्यू-रेच्या नकाशात अमेरिका आणि कोरिया ‘ए’ विभागात, आपण ‘सी’त, त्यामुळे माझ्या यंत्राने ती सरळ नाकारली. शेवटी वरच्या मजल्यावरच्या पोराकडे सगळे विभाग चालवणारा प्लेअर निघाला. चहा-भजी कबूल करून तो खाली आणला.

मारामारीचे सिनेमे मला आवडतात म्हणून तू ‘द मॅन फ्रॉम नोव्हेअर’ निवडलास, हे कळलं. 2010 सालचा कोरियन सिनेमा, ली जाँग-बमचा. त्या वर्षी कोरियात याची 60 लाखांहून जास्त तिकिटं खपली. नायक झालेल्या वॉन बिनने त्यानंतर एकही चित्रपट केला नाही, आणि तो का केला नाही याचं कोडं मला पडलंय. शेवटची सुऱ्यांची झुंज मी रिमोट हातात घेऊन चार वेळा बघितली. उंच उड्या नाहीत की हवेत गिरक्या नाहीत. कोपर, मनगट आणि पाऊलभर अंतर, एवढ्यावर सगळा खेळ. एका ठिकाणी तो खिडकीतून उडी मारतो आणि कॅमेराही त्याच्या मागोमाग खाली जातो. थेटरात हे डोळ्यांसमोरून निसटलं असतं. घरी मागे नेता येतं.

पण मागे नेता नेता मी दुसरीकडेच अडकलो. सिनेमाचं मूळ नाव ‘आजॉशी’. परक्या, वयाने मोठ्या पुरुषाला कोरियन पोरं अशी हाक मारतात. म्हणजे आपलं ‘काका’च की गं! इंग्रजी नावात ही हाक कुठेच नाही. आपल्या ‘डोंबिवली फास्ट’वाल्या निशिकांत कामतने 2016 मध्ये यावरूनच ‘रॉकी हँडसम’ केला, गोव्यात घडणारा, त्यात खलनायकही तोच झाला. तिथे मुलगी नायकाला ‘हँडसम’ म्हणते. काका तिथेही गळाला.

मूळ सिनेमात गहाणवटीचं दुकान चालवणारा ते-सिक आणि शेजारची सोमी. तिची आई नशेच्या आहारी गेलेली. सोमीवर दप्तर चोरल्याचा आळ येतो, ती आधारासाठी त्याच्याकडे बोट दाखवते आणि तो ओळख न दाखवता निघून जातो. पुढे तिला पळवून नेतात, आणि मग तो जे काही करतो त्याला लोक सूड म्हणतात. मला त्यात ती फिरवलेली पाठ दिसत राहिली. एवढी माणसं लोळवल्यावर शेवटी तो तिला घेऊन दुकानात जातो आणि काय घेऊन देतो? शाळेचं दप्तर. सोमी झालेली किम से-रॉन तेव्हा जेमतेम नऊ-दहा वर्षांची होती. 2025 च्या फेब्रुवारीत, चोविसाव्या वर्षी ती गेली. हे ठाऊक असताना ते दप्तर बघवत नाही.

तुला आठवतं का, माहीत नाही. तू तिसरीत होतीस. तळमजल्यावरच्या बाईंनी तुझ्यावर वीस रुपये उचलल्याचा आळ घेतला. चौकात उभी राहून तू वर माझ्या गॅलरीकडे बघितलंस. मी पेपर तोंडापुढे धरला. चाळीत कशाला कुणाशी वाकडं घ्या! दोन दिवसांनी पैसे त्यांच्याच डाळीच्या डब्यात सापडले. संध्याकाळी तू नेहमीसारखी “काका, कोडं सोडवू या?” म्हणत माझ्या दारात आलीस. तू रागावली असतीस तर मला सोपं गेलं असतं.

सोमीही रागावत नाही. त्याचाही राग धरला तर आपलं म्हणायला कुणी उरणार नाही, असं काहीसं ती त्याला सांगते. त्या ठिकाणी मी डिस्क थांबवली आणि उठून पाणी प्यायलो.

दिवाळीला ये. पुन्हा लावू. पेपर मी आधीच घडी करून ठेवीन.

तुझा,
शेजारचा काका