खारे, मतलई आणि एओविन

भूगोलाच्या पेपरात मी ‘सी ब्रीझ’ आणि ‘लँड ब्रीझ’ची आकृती बाणांसकट काढायचे आणि पाचपैकी पाच मार्क घ्यायचे. त्यांना मराठीत ‘खारे वारे’ आणि ‘मतलई वारे’ म्हणतात, हे मात्र मला श्रीवर्धनच्या आजीकडून कळलं. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी वारा कसा तयार होतो ते शिकवलं, तो अंगावर आला की काय करायचं ते आजीनं. आणि या दोन्ही शिकवण्यांची प्रॅक्टिकल परीक्षा झाली ती थेट आयर्लंडमध्ये! (एक्स्टर्नल भलताच कडक होता.)

झालं असं, की २०२५ च्या जानेवारीत एका सेमिस्टरच्या एक्स्चेंजवर मी गॉलवेला गेले. गॉलवे म्हणजे आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं शहर. समोर अटलांटिक. दोन-चार बेटं सोडली तर पार कॅनडापर्यंत नुसतं पाणी. त्यामुळे वाऱ्याला वाटेत अडवायला कुणी नाही.

अख्खं आयर्लंड बेट एवढंसं, की आपल्या महाराष्ट्रात साडेतीन आयर्लंड आरामात मावतील. तरी तिथेही ‘आमच्याकडची हवा आणि तुमच्याकडची हवा’ हा वाद आहेच. पूर्वेला डब्लिनच्या बाजूला वर्षाला साधारण ७५० ते १००० मिलिमीटर पाऊस, तर पश्चिमेला १००० ते १४००. मी मनात हसले. अहो, आमच्या कोकणात याच्या दुपटीहून जास्त पडतो! पण आपला पाऊस चार महिन्यांत हिशेब चुकता करून मोकळा होतो. तिथला वर्षभर हप्त्याहप्त्यानं येतो, तोही आडवा. पहिल्याच आठवड्यात माझी छत्री उलटी झाली आणि काड्या मोडून कचऱ्याच्या डब्यात गेली. रस्त्यावर बघितलं तर कुणाच्याच हातात छत्री नव्हती. सगळे टोपीवाल्या जॅकेटमध्ये.

शहराबाहेर एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी वरच्या मजल्यावर आम्ही दोघी राहायचो. मी आणि एम.एस. करणारी चंद्रपूरची एक ताई. बाईंना मी मनातल्या मनात ‘आजी नंबर दोन’ म्हणायचे. चंद्रपूर म्हणजे ४६ अंशांत कॉलेजला जाणारी माणसं. ताईच्या लेखी वारा म्हणजे मे महिन्यातल्या झळा. कांदा खायचा, डोक्याला दुपट्टा बांधायचा आणि दुपारी बाहेर पडायचं नाही, संपलं. त्यामुळे गुरुवारी, २३ जानेवारीला, उद्या सगळं बंद म्हणून मेसेज आला तेव्हा तिची पहिली प्रतिक्रिया होती, “हवेसाठी कॉलेज बंद? काहून?”

तर ही ‘हवा’ म्हणजे एओविन. तिथे २०१५ पासून आयर्लंड आणि ब्रिटनची हवामान खाती मिळून वादळांना ए, बी, सी, डी अशा क्रमानं नावं देतात. हे त्या मोसमातलं पाचवं. एओविन ही टोल्किनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधली तलवार चालवणारी राजकन्या. नाव ठेवणाऱ्यानं विचार करूनच ठेवलं असावं!

आपलं चक्रीवादळ आणि हे वादळ यांत एक मूलभूत फरक आहे. आपलं वादळ गरम समुद्राच्या वाफेवर जगतं, तिथलं थंड आणि उबदार हवेच्या भांडणावर. त्याच आठवड्यात, २१ जानेवारीला, अमेरिकेत न्यू ऑर्लिन्ससारख्या उबदार शहरात विक्रमी बर्फ पडलं होतं. ती थंड हवा अटलांटिकच्या उबदार हवेला भिडली, वरचा जेट प्रवाह बेफाम झाला आणि खाली वादळानं बाळसं धरलं. चोवीस तासांत हवेचा दाब साधारण २४ मिलिबारनं उतरला तर हवामानवाले त्याला ‘बॉम्ब’ म्हणतात. एओविनचा उतरला त्याच्या दुपटीनं. सगळ्या देशाला रेड वॉर्निंग लागली. बस बंद, शाळा-कॉलेजं बंद, दुकानांतला ब्रेड सकाळीच गायब.

आता गंमत ऐका. दुपारी आजी नंबर दोननं आम्हाला कामाला लावलं. कचऱ्याचे मोठे डबे आणि कुंड्या शेडमध्ये. गाडी झाडापासून लांब. बाथटब भरून पाणी, कारण पाणी विहिरीचं, आणि वीज गेली की पंप बंद. थर्मास भरून गरम पाणी. मेणबत्त्या, काडेपेटी, सेलवर चालणारा रेडिओ. गाद्या खालच्या खोलीत. हे सगळं चालू असताना श्रीवर्धनहून आजीचा व्हिडिओ कॉल आला. (तिकडे रात्र झाली होती, पण तिला झोप कसली?) तिनं विचारलं, “पाणी भरलंस? काडेपेटी उशाशी ठेव. अंगणात उडेल असं काही ठेवू नको गो. कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घाल.” एक मराठी बोलणारी, एक इंग्रजी, दोघींत सात-आठ हजार किलोमीटरचं अंतर आणि यादी जवळजवळ शब्दशः तीच! आजीनं फक्त एक प्रश्न जास्तीचा विचारला, “वारा कुठनं येणार, आणि फिरणार कधी?”

या प्रश्नामागे ३ जून २०२० आहे. ‘निसर्ग’ चक्रीवादळ त्या दुपारी रायगडच्या किनाऱ्यावर चढलं तेव्हा आजी श्रीवर्धनच्या घरात एकटी होती आणि आम्ही लॉकडाऊनमुळे पुण्यात. मधेच वारा पडला. संपलं म्हणून लोक बाहेर आले, आणि थोड्या वेळानं तोच वारा उलट्या दिशेनं आला. आजी बाहेर पडली नाही, देवघराच्या आतल्या भिंतीला पाठ लावून बसून राहिली. त्या दुसऱ्या फेरीत माजघरावरची कौलं गेली. फोन बंद. बाबा ई-पास काढून, झाडं तोडलेल्या रस्त्यानं पाचव्या दिवशी पोचले, तोवर ती आहे की नाही हे आम्हाला माहीत नव्हतं. घरात त्या पाच दिवसांबद्दल अजून कुणी मोकळेपणानं बोलत नाही.

हाच प्रश्न मी आजी नंबर दोनला विचारला. ती म्हणाली, आधी दक्षिणेकडून येईल, मग पश्चिमेला वळेल, आणि वळला की खरा जोर. पहाटे तस्संच झालं. आवाजाचं वर्णन करायचं तर रेल्वेच्या पुलाखाली उभं राहावं, वरून मालगाडी जावी आणि तिचे डबे संपूच नयेत! छपरावरच्या पाट्या निसटून अंगणात फुटत होत्या. साडेचारच्या सुमाराला वीज गेली. चंद्रपूरच्या ताईनं माझा हात जो धरला तो उजाडेपर्यंत सोडला नाही, आणि जानेवारीत तिथे उजाडतं साडेआठला!

त्या अंधारात आजी नंबर दोननं आम्हाला १८३९ ची गोष्ट सांगितली. ६ जानेवारीच्या रात्री आयर्लंडमध्ये असा वारा सुटला, की ती रात्र ‘मोठ्या वाऱ्याची रात्र’ म्हणूनच ओळखली जाते. पुढे १९०९ मध्ये सत्तरीच्या लोकांना पेन्शन सुरू झाली, पण कित्येकांकडे जन्माचा दाखलाच नव्हता. मग त्यांना विचारायचे, मोठ्या वाऱ्याची रात्र आठवते का? आठवत असेल तर तुमचं वय बसतं! मला हसू आलं आणि पुढच्या क्षणी आजी आठवली. तीही हल्ली वर्षं सांगत नाही, ‘निसर्गच्या आधी’ आणि ‘निसर्गनंतर’ असंच म्हणते.

आमच्याच विद्यापीठाचं एक संशोधन केंद्र मेस हेड नावाच्या टोकावर आहे. तिथे त्या पहाटे ताशी १८० किलोमीटरच्या पुढचा झोत नोंदला गेला आणि देशाचा १९४५ पासूनचा विक्रम मोडला. सिव्हिलवाल्यांनो, जरा गणित करा. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गावर वाढतो. ताशी ११० ला चौरस मीटरवर साधारण ५७ किलोंचा भार, तर १८० ला दीडशेच्या वर. वेग दीडपटीहून थोडा जास्त, भार पावणेतीनपट!

देशभरात सात लाख अडुसष्ट हजार घरं-दुकानं अंधारात गेली. गाडीवर झाड पडून एक जण दगावला. आमची वीज सहा दिवसांनी आली, काही गावांत दोन आठवडे उलटून गेले. आणि इथे मला हवामानातला खरा फरक कळला. वीज गेली की कोकणात अंधार होतो, आयर्लंडमध्ये थंडी होते. शेजारचं घर नवं, सुंदर, सगळं विजेवर चालणारं. दुसऱ्या दिवशी तिथले आजोबा कुडकुडत आमच्याकडे आले. आमच्या जुन्या घरात पीटची शेगडी होती. तीन रात्री ते तिच्यापाशी आरामखुर्चीत झोपले. ताईनं त्याच शेगडीवर पातेलं ठेवून खिचडी केली. आजोबांनी दोनदा घेतली.

परदेशी जाणाऱ्यांना सगळे विचारतात, थंडी सोसेल का? मला वाटतं, प्रश्न वेगळा हवा. तिथल्या म्हाताऱ्या माणसांशी ओळख झाली का? अंश, मिलिबार, किलोमीटर मोबाईलवर दिसतात. वारा कधी वळतो, कुठली खोली सुरक्षित, शेजारी कोण एकटं राहतं, हे त्यांनाच ठाऊक असतं. दुसरी गोष्ट म्हणजे सूचना ऐकायची सवय. तिथे रेड वॉर्निंग लागली आणि रस्ते सुने झाले. आपल्याकडे रेड अलर्ट लागला की आपण तो ग्रुपवर फॉरवर्ड करतो आणि बाईक काढून धबधब्याला जातो. हॉस्टेलवाल्यांनो, खरं की नाही?

परत आल्यावर मी आय.एस. ८७५ चा तिसरा भाग उघडला. वाऱ्याच्या भाराचा आपला कोड, २०१५ ची आवृत्ती. पुण्याला मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, मुंबईला ४४. पुढे चक्रीवादळाचा एक जादा गुणक आहे, किनाऱ्यापासून ६० किलोमीटरच्या पट्ट्यासाठी. पट्टा कुठला? पूर्व किनारा आणि गुजरात. कोकणचं नाव नाही. ‘निसर्ग’ पाच वर्षांनी येणार हे २०१५ मध्ये कुणाला ठाऊक असणार म्हणा. पण आता ठाऊक आहे. आणि आजीच्या घरावर नवी कौलं चढली आहेत ती पूर्वीसारखीच, नुसती रिपांवर टेकवलेली.

घरात गेली पाच वर्षं एकच वाद चालू आहे. बाबा म्हणतात पुण्याला चल, आजी म्हणते वाडी कोण बघणार? निसर्गमध्ये तिचे पंधरा माड आणि बरीच पोफळ आडवी झाली. दुसऱ्याच वर्षी, त्र्याहत्तराव्या वर्षी, तिनं नवे माड लावले. माड धरायला सहा-सात वर्षं लागतात हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. पूर्वी मी बाबांच्या बाजूनं होते. आता मला वाटतं, माणूस हलवण्याआधी छप्पर नीट बांधून बघायला काय हरकत आहे?

म्हणून फायनल इयरचा प्रोजेक्ट ठरलाय. कौलारू छपराची वाशांशी आणि वाशांची भिंतीशी बांधणी, गावातल्या सुताराला जमेल आणि आजीच्या पेन्शनमध्ये बसेल अशी. आजीला फोनवर सगळं समजावून सांगितलं, सक्शन, अपलिफ्ट, फॅक्टर ऑफ सेफ्टी. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मार्कांचं मागाहून बघ. मे महिना संपायच्या आत माणूस घेऊन ये.”